आमच्या घरांचं तापमान

त्या वर्षी आमच्या भाईंदरच्या कॉलेजात टीवायच्या फिजिक्सला सातच मुलं उरली होती. शेजारच्या वर्गात डेटा सायन्सची लेक्चरं चालायची. तिथे बाकं कमी पडायची, म्हणून उशिरा आलेली मुलं आमच्या वर्गातलं बाक उचलून न्यायची. मी नेऊ द्यायचे. आम्हाला पुढची दोन-तीन पुरत होती.

जूनमध्ये प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, या बॅचपुरतं मेजर फिजिक्स चालवू. नवीन ॲडमिशन आल्या नाहीत तर फिजिक्स मायनर म्हणून ठेवू. नव्या पॉलिसीत तशी सोय आहे." ते कॉमर्सचे. माणूस वाईट नव्हता. आकडे समोर ठेवून बोलत होते आणि आकडे खरे होते. मी "बरं" म्हणून बाहेर आले. वीस-बावीस वर्षं एकच विषय शिकवल्यावर तो मुख्यवरून दुय्यम होणार, हे ऐकून वाईट वाटलं; पण भांडायचं कुणाशी? भाईंदरच्याच इंद्रलोक भागातली, माझ्या सोसायटीतली मुलं आयटी आणि डेटाकडे चालली होती, आणि त्यांच्या आईबापांनी मला विचारलं असतं तर मीही कदाचित तेच सांगितलं असतं.

पहिल्या प्रॅक्टिकलला मी अगदी सोपा प्रयोग दिला. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर काढायचं. टीवायच्या मुलांना हे देणं म्हणजे पदवीधराला पाढे म्हणायला लावण्यासारखं. पण सुट्टीनंतर हात मोकळे व्हावेत एवढाच हेतू होता. तास संपायच्या आधीच सातही जणांनी उत्तर आणून दिलं. वीस सेंटिमीटर. सगळ्यांचं वीस.

गंमत अशी की भिंगं नवीन होती. जुनी ओरखडे पडून निकामी झाली म्हणून मीच सुट्टीत दुसरी मागवली होती, आणि ती पंधराची होती.

"हे वीस कुठून आलं?" मी विचारलं.

सगळे एकमेकांच्या जर्नलांकडे बघायला लागले. शेवटी पालीहून येणारी मुलगी म्हणाली, "मॅम, सिनियर्सच्या जर्नलात वीसच हाय. म्हणजे, आहे."

ही मुलगी मच्छीमारांच्या घरातली. पाली या समुद्रकाठच्या गावातून बस पकडून यायची. वर्गात जपून बोलायची, पण घाई झाली की घरची बोली बाहेर पडायची आणि मग ती स्वतःच दुरुस्त करायची. मी तिला म्हटलं, "स्टँडवर भिंग लावलं होतंस ना? मग मोजलं का नाहीस?"

"लावलं होतं. पण प्रतिमा कुठे बघायची तेच कळलं नाय."

मी ते भिंग घेऊन खिडकीपाशी गेले आणि मागे कोरा कागद धरला. पुढेमागे केल्यावर समोरची इमारत, तिच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, सगळं रंगांसकट कागदावर उतरलं. उलटं. सातही जण भोवती गोळा झाले. पालीच्या मुलीने किरणाकृती दहावीपासून किती वेळा काढली असेल! ती कागदाकडे बघत म्हणाली, "मॅम, खरंच उलटी दिसते!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ही मुलं अकरावीत गेली तेव्हा कोरोनामुळे कॉलेजं बंद होती. प्रॅक्टिकल म्हणजे फोनवरचा व्हिडिओ. बारावीत कॉलेज उघडलं, पण बहुतेकांचं 'इंटिग्रेटेड' होतं. म्हणजे नाव एका ज्युनियर कॉलेजात आणि दिवसभर बसायचं क्लासमध्ये. प्रयोगशाळेचं कुलूप सहीपुरतं उघडायचं. एफवाय, एसवायला आमच्याकडे आली तेव्हा एकेका टेबलावर पाच-सहा जण. एक जण करायचा, बाकीचे उतरवायचे. नंतर निम्मी मुलं दुसरे कोर्स धरून निघून गेली. परीक्षांत मात्र यांचे मार्क चांगले होते. गणितं माझ्याआधी सोडवायची. विजेचा झटका बसेल म्हणून मीटरला हात लावायला मात्र घाबरायची.

त्या वर्षी प्रत्येकाला एक प्रोजेक्ट करायचा होता. एरवी मुलं नेटवरून एखादा विषय उचलतात, छापून आणतात, स्पायरल बाइंडिंग करतात. मी ठरवलं की सगळ्यांनी मिळून एकच प्रोजेक्ट करायचा आणि त्याचं उत्तर कुठल्याही जर्नलात असता कामा नये.

विषय भांडणातून मिळाला. काशीगावचा एक मुलगा दुपारच्या तासाला पेंगायचा. त्यांची पूर्वी भातशेती होती, मिठागरातही वाटा होता. आता जुन्या घराच्या पुढे पत्र्याच्या खोल्या काढून भाड्याने दिल्यात आणि त्यातल्याच एका खोलीत हा झोपायचा, अभ्यास करायचा. ऑक्टोबर तापायला लागला होता. मी त्याला हटकलं तर म्हणाला, "मॅम, पत्र्याखाली बसून दाखवा कुणीतरी. डोकं उकळतं."

"मग आमच्याकडे ये," पालीची मुलगी म्हणाली. "दर्याचं वारं हाय. गरम होतच नाय."

मीरा रोडच्या एका टॉवरमध्ये मधल्या मजल्यावर राहणारी मुलगी, वर्गात कायम पहिली येणारी, पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "टॉवरमध्ये सगळ्यात थंड. वर हवा असते."

मी म्हटलं, "माझं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, मला तसं वाटत नाही." तिघं तावातावाने बोलायला लागली. बाकीच्या चौघांनीही आपापली घरं मध्ये आणली. मी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: कुणाचं घर सगळ्यात जास्त तापतं?

"हे फिजिक्स आहे?" मीरा रोडच्या मुलीने विचारलं.

"मोजलं तर आहे," मी म्हटलं.

थर्मामीटर घरी न्यायच्या आधी मी सगळे ठेचलेल्या बर्फात बुडवायला लावले. बर्फ मासळीबाजारातून पालीच्या मुलीनेच आणला. पिशवीला बोंबलाचा वास येत होता, त्यावरून हशा पिकला. बर्फात सगळ्या थर्मामीटरांनी शून्य दाखवायला हवं होतं. दोघे बरोबर शून्य दाखवत होते, काही जवळपास होते आणि एक चक्क दोन अंशांवर थांबला होता. काशीगावच्या मुलाने तो बाहेर काढला, पुसला, परत बुडवला. पुन्हा दोन.

"मॅम, हा खोटं बोलतोय," तो म्हणाला.

"मग त्याचं काय करायचं?"

त्याने थोडा विचार केला. "दर वेळी दोनने खोटं बोलत असेल तर चालेल. वजा करू." मग स्वतःच म्हणाला, "पण वरतीही दोननेच चुकतो का ते बघायला लागेल." आणि पाणी उकळायला ठेवलं. त्या दिवशी तो पेंगला नाही. घंटा झाल्यावरही तिथेच उभा होता.

नियम ठरले. घरातल्या राहत्या खोलीत, भिंतीपासून लांब, पंखा बंद करून, दुपारी चारला रिडिंग घ्यायचं आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं. मीही घेत होते. चारला मी कॉलेजात असायचे तेव्हा नवरा घ्यायचा. तो नुकताच बँकेतून निवृत्त झाला होता. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "पंखा बंद का? माणसं पंखा लावून राहतात." मी म्हटलं, "खोलीचं तापमान हवंय, तुझं नाही." तो निमूटपणे पंखा बंद करून बसला.

दोन आठवडे झाल्यावर पालीच्या मुलीने फळ्यावर सगळ्यांचे आलेख एकाखाली एक काढले. सात मुलं आणि मी, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा खडू. मध्ये एका दुपारी परतीचा पाऊस जोरात झोडपून गेला होता. त्या दिवशी सगळ्या रेघा धपकन खाली आल्या होत्या. काशीगावची तर पार खाली, पत्रा ओला झाल्यामुळे. फक्त मीरा रोडची रेघ तशीच सरळ, गुळगुळीत, रोज थोडी वरखाली होत पुढे गेलेली.

फळ्याकडे बघितल्यावर कुणी काही म्हणायची गरजच नव्हती. मीरा रोडच्या मुलीचा चेहरा लाल झाला.

"मॅम, मी चारला घरी नसते," ती म्हणाली. "एमएस्सीच्या एन्ट्रन्सचा क्लास असतो. घरात किती असणार याचा मला अंदाज होता. तसं लिहिलं."

"अगं, सांगायचं तरी," कुणीतरी मागून म्हणालं.

ती एकदम चिडली. "काय सांगायचं? आतापर्यंत सगळ्यांनी हेच केलंय. तुम्ही नाही केलं? वीस सेंटिमीटर कुणी लिहिलं होतं? माझं फक्त पकडलं गेलं, कारण पाऊस पडला."

ती म्हणत होती ते खरं होतं. तिने सगळी शाळा-कॉलेजं अशीच पार केली होती, उत्तम मार्कांनी. आम्हीच तिला ते मार्क दिले होते. रागवावं असंही वाटेना आणि सोडून द्यावं असंही वाटेना. मी मुलांनाच विचारलं, "या रिडिंगचं काय करायचं?"

"काढून टाका," काशीगावचा म्हणाला.

पालीच्या मुलीने मान हलवली. "काढली तर टॉवरचं घर जातं. आपल्यात दुसरा कोणी मधल्या मजल्यावर राहत नाय." मग ती तिच्याकडे वळली. "घरी कोण असतं गं चारला?"

"मम्मी."

"मग मम्मीला शिकवू या की."

मम्मीला शिकवायचं हे मीरा रोडच्या मुलीला आधी लाजिरवाणं वाटलं. तिच्या घरी गुजराती बोलतात. वडिलांचं दुकान, आई दिवसभर घरात. पण दुसऱ्या दिवशी पालीची मुलगी तिच्यासोबत बसने मीरा रोडला गेली. थर्मामीटर कसा धरायचा, डोळ्याच्या पातळीत कसा वाचायचा, हे दोघींनी मिळून दाखवलं. तिसऱ्या दिवशी मला फोन आला. "मॅडमजी, मैं उसकी मम्मी. आज हॉल में बत्तीस आया. पर किचन में छत्तीस है. किचन का भी लिखूं?"

"लिखिए," मी म्हटलं. "दोनों अलग अलग लिखिए."

त्यानंतर त्या बाईंचं रिडिंग एक दिवस चुकलं नाही. स्वयंपाकघराचा रकाना आमच्या योजनेत नव्हता, तो त्यांच्यामुळे आला. मग बाकीच्यांच्या आयांनीही विचारायला सुरुवात केली, आमच्या किचनचं का नाही घेत? मुलगी मला नंतर म्हणाली, "मॅम, मम्मी डॅडींना सांगते, आज चार वाजता मला फोन करू नका, मला काम आहे." सांगताना हसत होती. फळ्यासमोर रागावली होती तेव्हापासून पहिल्यांदाच ती माझ्याशी मोकळेपणी बोलली.

उत्तर मात्र आम्हाला वाटलं तसं आलं नाही. दुपारी काशीगावची पत्र्याची खोली सगळ्यांच्या पुढे होती, त्यात वादच नव्हता. पण तो मुलगा म्हणाला, "रात्री आमच्याकडे बरं असतं." तेव्हा आम्ही जेवणानंतरचंही एक रिडिंग घ्यायला लागलो आणि चित्र उलटलं. सूर्य गेला की पत्रा भराभर निवायचा. माझ्या घरावरची काँक्रीटची गच्ची मात्र दिवसभर ऊन पिऊन बसलेली असायची आणि रात्री ती उष्णता आत सोडत राहायची. जेवणानंतर सगळ्यात गरम घर माझंच निघालं. नवऱ्याने आकडा वाचला आणि म्हणाला, "म्हणजे एसी घ्यायला आता शास्त्रीय कारण आहे."

पालीच्या मुलीचं घर तापमानात खरंच सगळ्यात खाली होतं. ती खूश होती. मग मी थर्मामीटरच्या टोकाला ओली वात गुंडाळायला लावली. पाणी उडून जाताना वात थंड होते, हवा कोरडी असेल तर जास्त, दमट असेल तर कमी. तिच्या घरी वात जेमतेम थंड व्हायची. हवेत आधीच इतकी वाफ की घाम सुकणार कुठे! ती दोन दिवस माझ्यावर नाराज होती. "मॅम, मी तिथे राहते. मला माहितीय तिथे बरं वाटतं."

"वाऱ्यामुळे वाटत असेल," मी म्हटलं. "आपण पंखा बंद करून, खिडकीपासून लांब मोजतोय. वारा मोजतच नाही."

"मग वारा पण मोजायला पाहिजे होता."

"हो. पाहिजे होता."

हे तिने अहवालात शेवटी तसंच लिहिलं: आम्ही वारा मोजला नाही, त्यामुळे कुठलं घर राहायला जास्त बरं, हे आम्हाला सांगता येत नाही. मला ते वाक्य फार आवडलं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये 'सांगता येत नाही' असं लिहिलेलं मी त्याआधी वाचलं नव्हतं.

परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. वयस्कर, शिस्तीचे. त्यांनी अहवाल उलटसुलट चाळला आणि विचारलं, "यात स्टँडर्ड व्हॅल्यू कुठे आहे? एरर किती टक्के?"

मुलं माझ्याकडे बघायला लागली. मला बोलायची परवानगी नव्हती. पालीची मुलगी म्हणाली, "सर, स्टँडर्ड व्हॅल्यू नाही. आमच्या घरांचं तापमान आधी कोणी मोजलंच नव्हतं."

"मग तुमचं बरोबर आहे हे कशावरून?"

काशीगावच्या मुलाने बर्फाचं सांगितलं, दोन अंशांनी चुकणाऱ्या थर्मामीटरचं सांगितलं. मीरा रोडच्या मुलीने, कुणी विचारलं नसताना, पहिल्या दोन आठवड्यांचे तिच्या घरचे आकडे का गाळले ते सांगितलं. "ते मी अंदाजाने लिहिले होते, सर. पावसाच्या दिवशी कळलं." परीक्षकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग पुढचं पान उलटलं.

मार्क बरे मिळाले, फार नाही. अहवाल ठरलेल्या नमुन्यात नाही, असा शेरा होता. मला वाईट वाटलं, मुलांना माझ्यापेक्षा कमी वाटलं. निघताना परीक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मीही टॉप फ्लोअरला राहतो. गच्चीवर पांढरा रंग दिला तर फरक पडेल का हो?" मी म्हटलं, "मोजून बघायला लागेल, सर." ते हसले. मार्क मात्र तेवढेच राहिले.

फिजिक्स मेजर बंद झालं. प्राचार्यांनी सांगितल्याप्रमाणेच झालं, कुणी मोर्चा काढला नाही, कुणी रडलंही नाही. मीरा रोडची मुलगी एन्ट्रन्समध्ये चांगल्या नंबराने पास झाली आणि बाहेरगावी एमएस्सीला गेली. ती त्या क्लासच्या जोरावर गेली, आमच्या थर्मामीटरच्या जोरावर नाही, हे मला कबूल आहे. काशीगावच्या मुलाला गावाजवळच्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. कारखान्यांचे दाब मोजणारे गेज आणि थर्मामीटर तपासून दाखला देणारी छोटी कंपनी आहे. मुलाखतीत त्याला विचारलं होतं, उपकरण चुकतंय हे कसं ओळखशील? बाकीचं त्याने मला फोनवर रंगवून सांगितलं. पालीची मुलगी मुंबईत एमएस्सी करतेय. पहाटे निघते, संध्याकाळी परतते. थकते, पण सोडणार नाही असं म्हणते.

मला वाटलं होतं, आता उरलेली वर्षं मायनरची लेक्चरं घेत काढायची. पण एक दिवस डेटा सायन्सचे तरुण सर माझ्याकडे आले. आमच्या वर्गातली बाकं न्यायची ती यांचीच मुलं. म्हणाले, "मॅडम, तुमच्या मुलांचे ते घरांचे आकडे मला मिळतील का? माझी मुलं डाउनलोड केलेला डेटाच वापरतात. तो इतका स्वच्छ असतो की त्यांना वाटतं, जग तसंच असतं."

मी आकडे दिले, गाळलेल्या दोन आठवड्यांसकट. म्हटलं, यातलं खोटं घर तुमच्या मुलांना शोधू द्या. त्यांच्या बहुतेक मुलांना ते सापडलं. पण आकडे नुसते वापरण्यापेक्षा स्वतः घ्यावेत, असं त्यांच्याच वर्गातून निघालं आणि शनिवारी ती मुलं लॅबमध्ये यायला लागली. प्राचार्यांनी त्याला क्रेडिट जोडून दिलं. ॲडमिशनच्या पत्रकात 'प्रत्यक्ष अनुभव' असं छापायला त्यांना काहीतरी हवंच होतं. माझी काही हरकत नव्हती.

आता शनिवारी लॅबमध्ये उभं राहायला जागा नसते. या मुलांचे हात फिजिक्सच्या मुलांइतकेच अवघडलेले असतात. पहिल्या महिन्यात दोन काचेच्या नळ्या फुटल्या. ते तरुण सर मागच्या बाकावर बसतात आणि मुलांसारखेच प्रश्न विचारतात. यंदा रस्त्याकडच्या वर्गांमधला आवाज मोजायचं ठरलंय. त्यासाठी फोनमधलं ॲप चालेल का, यावर आमचा वाद चालू आहे. मी म्हणते चालेल. ते म्हणतात, सगळ्यांचे फोन एका जागी ठेवून एकच आकडा दाखवतात का ते आधी बघू. मुलं त्यांच्या बाजूने आहेत.